ग्रुप प्रोजेक्टमधले निर्णय: पहिल्यांदाच प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष असो, बीसीए-एमसीए असो की पॉलिटेक्निकचं शेवटचं सत्र, कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी तीन-चार जणांचा ग्रुप आणि एक प्रोजेक्ट येतोच. कोडिंग शिकवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. चौघांनी मिळून एखादी गोष्ट ठरवायची कशी, हे मात्र वर्गात कुणी शिकवत नाही, आणि बरेच प्रोजेक्ट नेमके इथेच अडकतात.

कोल्हापुरातल्या मुलामुलींचे प्रोजेक्ट मी बरीच वर्षं जवळून पाहते आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "डेटाबेस कुठला घ्यायचा?" दोघांचं उत्तर येतं, "तू ठरव की, मला चालतंय." चौथ्याला तो मेसेज दुसऱ्या दिवशी दिसतो, तोवर वर आणखी शंभर मेसेज साचलेले असतात. मग ज्याचा लॅपटॉप रात्री उघडा असतो तो समोरच्या व्हिडिओत जे दिसेल त्यात काम सुरू करतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. महिन्याभराने रिव्ह्यूत सर विचारतात, "हेच का घेतलं?" आणि चौघंही एकमेकांकडे बघतात.

हे टाळता येतं. त्यासाठी कुणी पुढारी असावा लागत नाही, सगळ्यांचा स्वभाव जुळावा लागत नाही. थोडी शिस्त लागते आणि ती पहिल्या आठवड्यातच लावावी लागते. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकाच प्रोजेक्टचं उदाहरण घेते: पंचगंगेची पाणीपातळी आणि पुरामुळे बंद झालेले रस्ते दाखवणारं छोटं अ‍ॅप. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या आपल्या भागात हा विषय दरवर्षी कुठला ना कुठला ग्रुप घेतोच.

पायरी १: कसं ठरवायचं ते आधी ठरवा

विषय निवडायच्याही आधी एकदा सगळ्यांनी समोरासमोर बसा आणि चार गोष्टी पक्क्या करा: भेटायचं कधी, कुठे, जो आला नाही त्याचं काय, आणि कुठल्या भागात शेवटचा शब्द कुणाचा.

वेळेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. इथल्या बहुतेक ग्रुपमध्ये काही जण हॉस्टेलवर किंवा रूम घेऊन राहतात आणि काही जण इचलकरंजी, कागल, जयसिंगपूर, गडहिंग्लजकडून एसटीने अप-डाऊन करतात. रूमवरच्या मुलांच्या चर्चा रात्री जेवण झाल्यावर रंगतात. त्या वेळी अप-डाऊनवाला घरी पोचून झोपायच्या तयारीत असतो आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट कधीच बंद झालेलं असतं. सकाळी त्यांना कळतं की रात्री सगळं ठरलं. असं दोन-तीनदा झालं की माणूस मनातून प्रोजेक्ट सोडून देतो. हजेरीला असतो, पण कामात नसतो. म्हणून नियम करा: रात्री हवं तेवढं बोला, हवं तेवढं कोड लिहा, निर्णय मात्र कॉलेजच्या वेळेतच घ्या. प्रॅक्टिकल संपल्यावर आणि शेवटची एसटी सुटायच्या आधी मिळणारा तासभर, लायब्ररीत किंवा रिकाम्या वर्गात, एवढं पुरतं.

जो गैरहजर आहे त्याच्यासाठी मुदत ठेवा. खुलं, मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या प्रोजेक्टमध्ये जगभरातले लोक काम करतात, एकाची रात्र असते तेव्हा दुसऱ्याची दुपार. म्हणून तिथे मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात. शिवाय रोजच्या कामात तिथे आणखी एक पद्धत चालते: आपण काय करणार आहोत ते जाहीर करायचं, ठरल्या मुदतीत कुणाची हरकत आली नाही तर पुढे जायचं. तुम्हाला तीन दिवस नकोत, एक दिवस पुरेल. मात्र मेसेज नीट लिहा. "काय घ्यायचं?" असं विचारलं तर उत्तर येत नाही. "उद्या संध्याकाळी ६ पर्यंत हरकत आली नाही तर आपण मायएसक्यूएल घेतोय, कारण लॅबमधल्या सगळ्या मशीनवर तेच आहे" असं लिहिलं की ज्याला खरंच अडचण आहे तो बोलतो. ज्याला अडचण नाही त्याच्या गप्प बसण्यालाही मग अर्थ येतो.

कामाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाला एक जबाबदार माणूस ठेवा. पुराच्या अ‍ॅपमध्ये एक जण माहिती गोळा करणं आणि तपासणं बघेल, एक जण डेटाबेस आणि सर्व्हर, एक जण स्क्रीन, एक जण टेस्टिंग आणि रिपोर्ट. जबाबदार म्हणजे सगळं काम त्याने एकट्याने करायचं असं नव्हे. त्या भागात चर्चा करूनही गाडी अडली, तर शेवटी त्याने ठरवायचं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती वर्षानुवर्षं बघते आहे: ग्रुपमध्ये मुली असल्या की रिपोर्ट आणि पीपीटी न विचारता त्यांच्या गळ्यात टाकतात, "तुमचं अक्षर चांगलं, तुमचं इंग्लिश चांगलं" असं म्हणून. मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कोडवर प्रश्न आला की त्यांची पंचाईत होते. भाग वाटताना प्रत्येकाला कोडचा एक तुकडा आणि रिपोर्टचा एक तुकडा द्या, आणि मुलींनीही हा विषय पहिल्याच बैठकीत काढावा.

पायरी २: कुठला निर्णय किती जड आहे ते तोला

सगळ्याच गोष्टींवर चौघांनी बसायचं म्हटलं तर बटणाच्या रंगावर तास जातो आणि डेटाबेसची रचना पाच मिनिटांत उरकते. प्रत्येक निर्णयाच्या वेळी एकच प्रश्न विचारा: महिन्याभराने हे बदलायचं ठरलं तर किती फायली उघडाव्या लागतील?

एक-दोन फायली उघडून भागणार असेल तर त्या भागाच्या माणसाने ठरवावं आणि ग्रुपवर एका ओळीत कळवावं. रंग, आयकॉन, फोल्डरची नावं, स्क्रीनवरचा मजकूर हे सगळं यात येतं. सगळीकडे हात घालावा लागणार असेल तर मात्र चौघांनी बसायलाच हवं. विषय कुठला, वापरणार कोण, भाषा आणि फ्रेमवर्क कुठलं, माहिती साठवायची कशा रूपात, सर्व्हर आणि स्क्रीन एकमेकांशी कुठल्या आकारात बोलणार: हे जड निर्णय. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात, पण सगळा भार त्यांच्यावर असतो.

हलका वाटणारा निर्णय जड कसा निघतो ते बघा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. रोजचे आकडे फूट आणि इंचात जाहीर होतात, उदाहरणार्थ ४१ फूट ६ इंच. आता डेटाबेसचं काम करणाऱ्याने कुणाला न विचारता दशांश अपूर्णांकाचा कॉलम केला आणि ४१.६ असं भरलं. दिसायला ठीक. दोन तासांनी पाणी चढलं आणि आकडा आला ४१ फूट १० इंच. तो भरला ४१.१० असा. डेटाबेसच्या लेखी ४१.१० म्हणजे ४१.१, आणि ४१.१ हे ४१.६ पेक्षा कमी. पाणी ४ इंच चढलेलं असताना तुमच्या अ‍ॅपचा आलेख पाणी उतरतंय असं दाखवणार. नदीकाठच्या माणसाने ते बघून जनावरं हलवायची थांबवली तर?

इलाज सोपा आहे. सगळं इंचात साठवा, पूर्णांकात. ४१ फूट ६ इंच म्हणजे ४९८, ४१ फूट १० इंच म्हणजे ५०२. इशारा पातळी ४६८, धोका पातळी ५१६. दाखवताना १२ ने भागून परत फूट-इंच करायचं. पण हे पहिल्या दिवशी ठरलं तर दहा मिनिटांचं काम. दोन महिन्यांनी ठरलं तर भरलेल्या सगळ्या नोंदी, आलेख, इशाऱ्याची अट, टेस्ट आणि रिपोर्टमधले तक्ते बदलत बसावं लागतं. माहिती साठवण्याचं रूप ठरवताना ती माहिती गोळा करणारा माणूस बैठकीत हवाच, कारण १० इंचांची गोष्ट त्यालाच ठाऊक असते.

पायरी ३: आधी लिहा, मग बोला

बैठक सुरू झाली की जो पहिला बोलतो त्याच्या मताभोवती सगळी चर्चा फिरते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली प्रयोग करून दाखवलं होतं की समोरचे सगळे उघडउघड चुकीचं उत्तर देत असले तर बरीच माणसं स्वतःच्या डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्यासारखंच बोलतात. १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस या संशोधकांना आणखी कामाची गोष्ट दिसली: गटात चर्चा होते ती मुख्यतः सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. एकट्यालाच ठाऊक असलेली महत्त्वाची माहिती तशीच त्याच्याजवळ राहते आणि निर्णय चुकतो. वरच्या उदाहरणातले १० इंच हे अगदी तसंच प्रकरण.

म्हणून जड निर्णय असेल तेव्हा दहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही. प्रत्येकाने वहीच्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: मला काय योग्य वाटतं, का वाटतं, आणि इतरांना बहुधा माहीत नसलेली कुठली गोष्ट मला माहीत आहे. तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. मग कागद वाचायचे, आणि वाचायची सुरुवात सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून करायची. ग्रुपमधला टॉपर आणि ज्याच्या लॅपटॉपवर सगळं चालतं तो, या दोघांनी शेवटी वाचायचं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं अशा वेळी खूप उपयोगी पडतात. त्यांनी आधी एक प्रोजेक्ट केलेला असतो, कुठे काय फसतं हे त्यांना ठाऊक असतं. पण वर्गात त्यांचा नवा म्हणून संकोच असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांचंही तसंच. रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा आहे म्हणून बैठकही अर्ध्या इंग्रजीत चालवायची काहीच गरज नाही. मराठीत बोला, कोल्हापुरीत बोला. "हे डिझाइन मला पटंना झालंय" एवढं एक वाक्य वेळेवर तोंडातून निघालं तरी पुढचा महिना वाचतो.

कामाला किती दिवस लागतील हे ठरवतानाही हीच युक्ती वापरा. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये प्लॅनिंग पोकर नावाची पद्धत मांडली, ती आज मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वापरतात. प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम उलटायची. एकाने २ दिवस लिहिले आणि दुसऱ्याने १० लिहिले, तर त्या दोघांनीच का ते सांगायचं. सरासरी काढून मोकळं होऊ नका. दोघांच्या डोक्यात काम वेगवेगळं आहे, ते आधी एक करा. रस्त्यांची यादी दाखवायला २ दिवस म्हणणारा यादी हाताने भरणार असतो. १० दिवस म्हणणारा नकाशावर रस्ते रंगवायचे धरून चाललेला असतो.

पायरी ४: वाद लांबला की करून बघा

अँड्रॉइड अ‍ॅप करायचं की साधं वेब पान? फ्लटर की रिअ‍ॅक्ट? (स्क्रीन बनवायची ही दोन साधनं.) या वादाला तोंडी अंत नाही. इंटरनेटचे नियम जिथे ठरतात त्या आयईटीएफ या संस्थेत १९९२ साली डेव्हिड क्लार्क यांनी मांडलेलं सूत्र आजही चालतं: राजा नको, मतदान नको, बहुतेकांना पटलेलं आणि प्रत्यक्ष चालणारं कोड हवं. तुम्हीही दोन संध्याकाळी काढा. दोघांनी आपापल्या पर्यायात तेच एक छोटं काम करून दाखवायचं, गिटवर (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) आपापल्या ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीत.

कसोट्या मात्र आधी लिहून ठेवा, नाहीतर ज्याचं दिसायला चकचकीत तो जिंकतो. पुराच्या अ‍ॅपसाठी मी तीन कसोट्या ठेवीन. पहिली: मोबाइल डेटा बंद केल्यावरही शेवटची पातळी आणि बंद रस्त्यांची यादी दिसते का? पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात, तेव्हाच या अ‍ॅपची गरज असते. दुसरी: घरातल्या जुन्या, स्वस्तातल्या फोनवर ते उघडतं का? तिसरी: चौघांच्याही लॅपटॉपवर ते तयार करता येतं का? ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र उघडले की मशीन बसतंच. ज्याच्याकडे असा लॅपटॉप आहे तो लाजेने बोलत नाही आणि पुढे चार महिने त्याच्या हाती काम येत नाही. तंत्रज्ञान निवडताना ग्रुपमधलं सगळ्यात कमी ताकदीचं मशीन समोर ठेवा.

प्रयोगानंतर ज्याचा पर्याय मागे पडला त्याचं कोड लगेच पुसून टाकू नका. ती ब्रँच राहू द्या. रिपोर्टमध्ये त्या तुलनेचं एक पान होतं, आणि परीक्षकाला ते पान आवडतं.

पायरी ५: मतदान जपून

चौघांचा ग्रुप, दोन विरुद्ध दोन, झालं. तिघांचा ग्रुप असला तरी सुटका नाही. समजा तीन विषय आहेत: पुराचं अ‍ॅप, फाउंड्रीतल्या कामगारांची हजेरी, आणि गुळाच्या सौद्यांची नोंद. पहिल्याची पसंती पूर, हजेरी, गूळ अशी. दुसऱ्याची हजेरी, गूळ, पूर. तिसऱ्याची गूळ, पूर, हजेरी. दोन-दोन विषय घेऊन मत टाकून बघा. पूर हजेरीला हरवतो, हजेरी गुळाला हरवते, आणि गूळ पुराला हरवतो, प्रत्येक वेळी २ विरुद्ध १. कुणीच जिंकत नाही. आधी कुठली जोडी घेतली त्यावर निकाल. फ्रान्सच्या काँदोर्से यांनी १७८५ मध्ये हा पेच दाखवून दिला होता. तुमच्या ग्रुपमध्ये तो आला तर कुणी लबाडी केली असं समजू नका.

त्यापेक्षा "कुठला विषय हवा?" हा प्रश्न फिरवा आणि विचारा, "कुठल्या विषयाला कुणाची ठाम हरकत आहे, आणि का?" हरकतीला कारण हवं. अपाचीमध्ये कोडच्या बदलाला एखादा अधिकार असलेला सदस्य -१, म्हणजे नकाराचं मत, देऊन अडवू शकतो, पण सोबत तांत्रिक कारण दिलं नाही तर त्या नकाराला किंमत नसते. हा नियम जसाच्या तसा घ्या. "मला नाही आवडत" ही हरकत नव्हे. "फाउंड्रीत आत जायची परवानगी मिळेपर्यंत पहिला रिव्ह्यू येईल, आपल्या कुणाचीच उद्यमनगरात ओळख नाही" ही हरकत. "गुळाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि आपला सिनॉप्सिस त्याआधी द्यायचा आहे, मग शाहू मार्केट यार्डात जाऊन बघणार काय?" हीही हरकत. अशा हरकती समोर आल्या की बहुतेक वेळा मत टाकायची वेळच येत नाही.

मतदान ठेवा ते चवीच्या गोष्टींसाठी: अ‍ॅपचं नाव, लोगो.

आणि अडलं की लगेच गाईडकडे, म्हणजे प्रोजेक्टच्या मार्गदर्शक शिक्षकांकडे, धावू नका. "सर, तुम्हीच सांगा" म्हटलं की सर सांगतात, त्यांना सवयीचं असेल ते. ते तुमच्या चौघांच्या लॅपटॉपवर चालतं का हे त्यांना कुठून माहीत असणार? दोन पर्याय, प्रत्येकाच्या बाजूची दोन कारणं आणि तुमचा कल, असं अर्ध्या पानावर लिहून न्या. सरांना किंवा मॅडमना पाच मिनिटांत उत्तर देता येतं आणि निर्णय तुमचाच राहतो. विषयाला मात्र त्यांची मान्यता लागतेच, ती पहिल्या आठवड्यात घ्या. गावात रेडीमेड प्रोजेक्ट विकत मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो रस्ता धरला तर या लेखातलं काहीच करावं लागत नाही आणि शिकायलाही काहीच मिळत नाही. कृपा करून तिकडे जाऊ नका.

पायरी ६: ठरलं की त्याच दिवशी लिहा

व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवरच वाहून जातं. प्रोजेक्टच्या गिट रिपॉझिटरीतच (सगळं कोड जिथे राहतं ती जागा) "निर्णय" नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सॉफ्टवेअरचे निर्णय असे थोडक्यात लिहून कोडशेजारीच ठेवायची पद्धत मांडली, आणि ती व्यवसायात रुळली आहे. विद्यार्थ्यांना पाच ओळी पुरतात. अशी:

निर्णय ३. पाणीपातळी पूर्ण इंचांत साठवायची.
कारण: आकडे फूट-इंचात येतात, दशांशात भरले तर ४१ फूट १० इंच हे ४१ फूट ६ इंचांपेक्षा कमी दिसतं.
सोडलेला पर्याय: फूट आणि इंच असे दोन कॉलम. तुलना करताना दर वेळी दोन्ही बघावे लागतात म्हणून सोडला.
कोण हजर: चौघं.
पुन्हा कधी बघायचं: जाहीर होणारे आकडे मीटरमध्ये येऊ लागले तर.

शेवटची ओळ विसरू नका, पुढच्या पायरीत ती लागणार आहे. "सोडलेला पर्याय" ही ओळ व्हायवासाठी सोन्यासारखी. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, विचारतात ते हेच: हे का, ते का नाही? फाइल वाचून गेलेला माणूस उत्तर देताना अडखळत नाही, मग त्या भागाचं कोड त्याने लिहिलेलं असो वा नसो.

सोबत एक सवय लावा: दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय मुख्य ब्रँचमध्ये काहीही मिसळायचं नाही. वाचणाऱ्याने निदान एक प्रश्न विचारायचा. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं तेच मुळी लिनक्स कर्नलवर एकाच वेळी काम करणाऱ्या असंख्य लोकांचे बदल नीट सांभाळता यावेत म्हणून. तुम्ही चौघंच आहात, पण पेनड्राइव्हवर "फायनल", "फायनल २", "नवीन फायनल" फिरवत बसलात तर कुठला निर्णय कुठल्या फाइलमध्ये आहे हे चौघांनाही सांगता येणार नाही.

पायरी ७: न पटलेला निर्णय आणि पुन्हा उघडलेला निर्णय

कधी ना कधी तुमच्या मनाविरुद्ध ठरेल. तेव्हा दोन गोष्टी करा. आपली हरकत फाइलमध्ये लिहा, नावानिशी. आणि मग जे ठरलं ते मनापासून करा. अर्ध्या मनाने केलं तर पर्याय वाईट होता की काम वाईट झालं, हे कधीच कळत नाही.

उलट बाजूने, निर्णय पुन्हा उघडायला बंदी नसावी, पण त्यासाठी नवी माहिती हवी. नवा व्हिडिओ पाहिला ही नवी माहिती नव्हे. नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीला जाऊन माणसांशी बोललात आणि त्यांनी सांगितलं की "आकडा आम्हाला कळतोच, कुठला रस्ता चालू आहे ते सांगा," तर ती नवी माहिती. शिरोलीजवळ पाणी येऊन पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला की काय हाल होतात ते इथल्या लोकांनी दोन्ही पुरांत भोगलं आहे. अशी माहिती आली की पहिल्या स्क्रीनवर आलेख ठेवायचा निर्णय बदला, रस्ते वर आणा, आणि फाइलमध्ये नवी नोंद करा. जुनी खोडू नका.

वाद विकोपाला गेला म्हणून आपला ग्रुपच वाईट, असं मनाला लावून घेऊ नका. पायथॉन भाषेत एका छोट्या नव्या चिन्हावरून इतका वाद पेटला की ती भाषा घडवणारे गिडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णय घेण्याची भूमिकाच सोडली. पायथॉनच्या लोकांनी मग निर्णय कसे घ्यायचे याच्याच वेगवेगळ्या पद्धती मांडल्या, त्यातली एक निवडली आणि २०१९ मध्ये पाच जणांची निवडून दिलेली समिती नेमली. तुमचीही ठरवायची पद्धत चालत नसेल तर पहिल्या रिव्ह्यूनंतर एकदा बसून ती बदला.

पायरी ८: काम न करणारा पार्टनर

हा विषय दोन महिने भिजत घोंगडं ठेवतात आणि सबमिशनच्या आठवड्यात भांडतात. आधी एकाने, एकट्याने, त्याच्याशी बोला. घरची अडचण, बॅकलॉगचा पेपर, किंवा कोड कळतच नाही हे सांगायची लाज, यातलं काहीतरी निघतंच. छोटं, स्पष्ट, तारीख असलेलं काम द्या: "शुक्रवारपर्यंत वीस जुन्या नोंदी इंचांत भर." तरीही काही हललं नाही तर रिव्ह्यूच्या आधी, चौघांनी मिळून, गाईडना सांगा. नंतर सांगितलं तर ती चहाडी वाटते.

त्याच्याऐवजी दुसऱ्या ग्रुपमधला कुणी घ्यायचा विचार उशिरा सुचला तर सोडून द्या. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे. चौघांमध्ये बोलण्याच्या ६ जोड्या असतात, पाचवा आला की १० होतात, आणि नव्याला सगळं समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात.

पायरी ९: शेवटच्या महिन्यात काय सोडायचं ते ठरवा

सबमिशनला महिना उरला की एक बैठक फक्त कापाकापीची घ्या. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये लिहिलेली एक पद्धत इथे फार चांगली लागू पडते: एक्स्टर्नलच्या दिवशी आपला प्रोजेक्ट सपशेल पडला असं समजा आणि प्रत्येकाने का पडला ते कागदावर लिहा. "पडेल का?" असं विचारलं तर सगळे "नाही नाही" म्हणतात, "पडला, का?" असं विचारलं की खरी उत्तरं येतात. लॅबमध्ये नेट नव्हतं. डेमो एकाच्याच लॅपटॉपवर होता आणि तो चार्ज नव्हता. नकाशाच्या सेवेची फुकटची मर्यादा संपली. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले. ही यादी समोर ठेवून जे निस्तरता येईल ते निस्तरा आणि अर्धवट राहिलेली फीचर्स सरळ काढून टाका. रिपोर्टमध्ये ती "पुढील काम" म्हणून लिहा. त्यानंतर कोडमध्ये नवं काही घालायचं नाही, चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या, हे चौघांनी मान्य करा.

आणखी एक निर्णय जवळजवळ सगळेच ग्रुप विसरतात: सबमिशननंतर याचं काय? रिपॉझिटरी कुणाच्या खात्यावर राहणार, ज्युनिअरना वापरायला द्यायची का, लायसन्स कुठलं लावायचं, त्यावर चौघांची नावं राहणार का. आणि अ‍ॅप लोकांसाठी खुलं केलं असेल तर ते सांभाळणार कोण? पुराच्या अ‍ॅपमध्ये ही गोष्ट फार गंभीर आहे. तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात, नोंदी भरणं थांबलं, आणि पुढच्या जुलैत कुणीतरी ते पान उघडलं तर त्याला गेल्या वर्षीची पातळी आजची वाटेल. म्हणून पातळीशेजारी नोंदीची तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरात दाखवा. शेवटची नोंद ठरावीक तासांपेक्षा जुनी झाली की आकडा आपोआप लपून "माहिती अद्ययावत नाही" असं दिसेल अशी सोय कोडमध्येच करा. किती तास ते चौघांनी मिळून ठरवा, आणि निर्णयांच्या फाइलमध्ये कारणासकट लिहा.